तांबड्या मातीत आणि काळ्या कातळावर मेटल डिटेक्टर कसा लावावा

लावणीच्या दिवसांत चिखलात बोटातली अंगठी निसटते. बांधावरून उतरताना मंगळसूत्र तुटते. मोजणीच्या वेळी हद्दीवर ठोकलेला लोखंडी गज काही पावसाळ्यांत मातीखाली दिसेनासा होतो. मग कोणीतरी मेटल डिटेक्टर मिळवतो, चालू करतो, आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, जमिनीजवळ नेताच यंत्र जे किणकिणू लागते ते थांबतच नाही. पाच पावलांत पन्नास आवाज, आणि खणावे तर हाती जांभ्याचे खडे. अर्ध्या तासात माणूस वैतागतो आणि यंत्र बिघडलेले आहे असे ठरवून पेटीत ठेवून देतो.

बहुतेक वेळा यंत्र धड असते. कोकण-गोव्याचा जांभा आणि घाटावरचा बेसाल्ट या दोन्हींत लोहखनिजे इतकी आहेत की डिटेक्टरला जमीनच ऐकू येते. यंत्रासोबतच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सहसा सौम्य माती असते, त्यामुळे कारखान्याने बसवलेली सेटिंग आपल्याकडे फार क्वचित चालतात. अशा जमिनीत यंत्राची ताकद वाढवून खोली मिळत नाही, गोंगाट कमी करून मिळते. पुढची प्रत्येक पायरी याच गोष्टीसाठी आहे.

कामाला लागण्यापूर्वी कायद्याचे बघू. आपल्या शेतात आपल्याच माणसाची हरवलेली वस्तू शोधणे वेगळे आणि गडकोटांवर, लेण्यांच्या परिसरात, जुन्या वाड्याच्या पडक्या जोत्यावर यंत्र फिरवणे वेगळे. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष व कलावस्तू कायदाही लागतो. जुने नाणे मातीतून उपटून काढले की ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होते ही माहिती कायमची जाते आणि ती परत मिळवता येत नाही. म्हणून हे मार्गदर्शन फक्त स्वतःच्या किंवा मालकाने परवानगी दिलेल्या जमिनीपुरते, हरवलेल्या वस्तूंसाठी आहे.

जमीन नेमकी काय करते

आपल्याकडे मिळणारे बहुतेक डिटेक्टर व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रीक्वेन्सी प्रकारचे असतात. त्यांची कॉइल सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचे उलटे क्षेत्र कॉइल टिपते. परत आलेला सिग्नल किती जोरकस आहे आणि पाठवलेल्या लहरीच्या मानाने किती मागे पडला आहे, या दोन गोष्टी यंत्र मोजते. या मागे पडण्याला फेज म्हणतात. सोने, चांदी, लोखंड यांची फेज वेगवेगळी असते, म्हणून पडद्यावर वेगवेगळे आकडे दिसतात.

मातीतली खनिजेही असाच सिग्नल परत पाठवतात, आणि त्यांचे तीन स्वभाव ओळखून ठेवावे लागतात. बेसाल्टमधला मॅग्नेटाइट ठसठशीत कणांचा असतो. त्याचा सिग्नल फार जोरात येतो, पण जवळजवळ विलंबाशिवाय येतो, म्हणून तो बऱ्यापैकी खोडता येतो. तांबड्या मातीतला मॅगहेमाइट अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि चुंबकीय क्षेत्राला थोडे रेंगाळून प्रतिसाद देतो. हे रेंगाळणे धातूसारखे भासते, त्यामुळे जास्त त्रास त्याचाच. तिसरे मीठ. समुद्राची ओली वाळू, खारजमीन, नुकतेच खत टाकून पाणी दिलेले वावर यांत जमीन स्वतःच वीज वाहू लागते.

आग हा मॅगहेमाइटचा मोठा कारखाना आहे. पालापाचोळ्यासकट माती भाजली की तिच्यातली लोहाची दुबळी खनिजे जास्त चुंबकीय रूपात बदलतात. म्हणजे भाताच्या रोपांसाठी जिथे वर्षानुवर्षे राब भाजला जातो तो तुकडा, जुनी वीटभट्टी, शेतघराच्या चुलीची जागा, इथे यंत्र शेजारच्या खाचरापेक्षा जास्त बोलणार हे गृहीत धरा. मंगलोरी कौलांचे आणि विटांचे तुकडेही भाजलेली मातीच असतात. पडलेल्या घराभोवती खोट्या आवाजांचा पाऊस पडतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

यंत्र चालू करण्याआधी लोहचुंबक

एक चांगला लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीत फिरवा. पिशवीवर काळी किंवा तपकिरी भुकटी केसांसारखी उभी राहिली तर जमीन खनिजयुक्त आहे, आणि किती आहे त्याचा अंदाजही येतो. चार-पाच ठिकाणी करा, कारण एकाच शेतात वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या मळ्यात वाहून आलेली गाळमाती असू शकते. पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढचे निम्मे निर्णय त्यावरून होतात.

हाच चुंबक कॉइलच्या आवरणासाठीही वापरा. कॉइलवर प्लास्टिकचे झाकण बसवलेले असेल तर ते काढून आत पाहा. झाकण आणि कॉइल यांच्या फटीत काळी वाळू साचते, आणि ती सतत कॉइलला चिकटून राहिल्यामुळे कोणतेच सेटिंग नीट बसत नाही. झाकण धुऊन, कोरडे करून परत लावा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळून पट्ट्याने बांधा, कारण लोंबती वायर खोटे आवाज देते. बांगड्या, घड्याळ, किल्ल्या काढून ठेवा, लोखंडी टोकाचे बूट टाळा आणि मोबाइल विमान मोडवर टाका. कुदळ-खुरपे कॉइलपासून निदान दोन पावले लांब ठेवा.

मग एक चाचणीची जागा करा. धातू नाही अशी खात्री असलेल्या जागी, त्याच मातीत, हरवलेल्या वस्तूसारखी वस्तू दहा-बारा सेंटिमीटर पुरा. नाणे वापरायचे तर पारखून घ्या. अलीकडची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असतात, यंत्राला ती लोखंडासारखी दिसतात आणि सगळा अंदाज चुकतो. चुंबकाला न चिकटणारे पितळी रंगाचे पाच रुपयांचे नाणे किंवा पितळी वॉशर बरा. सोन्याची अंगठी शोधायची असेल तर शक्यतो तशीच दुसरी अंगठी दोऱ्याला बांधून पुरा आणि दोरा वर ठेवा. हवेत धरून केलेल्या चाचणीवर विसंबू नका. हवेत एक वीत अंतरावरून स्पष्ट ऐकू येणारी वस्तू जांभ्यात निम्म्या खोलीवरही गप्प बसू शकते. ताजे पुरलेले नाणेही थोडे फसवते, कारण खणल्याने माती सैल झालेली असते. तरी या चाचणीशिवाय तुम्ही आंधळेपणाने बटणे दाबत राहाल.

आधी ओळखा, कुरकुर कशाची

यंत्र किणकिणले की लोक थेट ग्राउंड बॅलन्सकडे, म्हणजे जमिनीचा आवाज खोडण्याच्या सोयीकडे वळतात. थांबा. गोंगाट विजेचाही असतो, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कॉइल कमरेइतकी उंच, जमिनीला समांतर आणि अगदी स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल तर तो मातीचा नाही. वरून जाणारी विजेची तार, बोअरच्या पंपाचा स्टार्टर, शेजारचा दुसरा डिटेक्टर, असे काहीतरी आहे. रानडुकरांसाठी लावलेले सौर कुंपण तर नेमक्या तालात टक-टक ऐकवते. त्यावर उपाय नॉइज कॅन्सल किंवा फ्रीक्वेन्सी शिफ्टचा. कॉइल स्थिर धरून तो चालवा आणि यंत्राला शांत वाहिनी निवडू द्या. कुंपण तुमचेच असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा.

स्थिर कॉइल शांत, पण खाली नेऊन झुलवताच आवाज, असे असेल तर माती बोलते आहे. आणि स्थिर असताना शांत, पण हवेतच झुलवताना आवाज येत असेल तर दोष सैल वायरीत, कॉइलच्या जोडणीत किंवा तुमच्या अंगावरच्या धातूत शोधा.

ग्राउंड बॅलन्स

ग्राउंड बॅलन्स म्हणजे या जमिनीच्या सिग्नलची फेज यंत्राला दाखवून द्यायची आणि ती सोडून द्यायला लावायची. पद्धत बहुतेक यंत्रांत सारखी आहे. प्रथम ऑल मेटल मोडमध्ये, म्हणजे कोणताच धातू न गाळता, पाहून धातू नसलेली हातभर जागा निवडा. इथे हयगय नको. कॉइलखाली खिळा असताना बॅलन्स केला तर यंत्र त्या खिळ्यालाच जमीन समजते. मग ग्रॅब किंवा ऑटोचे बटण दाबून धरा आणि कॉइल गुडघ्याच्या थोडे खाली, तीसेक सेंटिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत सावकाश खाली-वर करा. कॉइल तिरकी होऊ देऊ नका आणि जमिनीला टेकवू नका. आवाज मावळला, आकडा स्थिरावला की बटण सोडा.

ऑटोने काम झाले असे मानून पुढे जाऊ नका, कानाने तपासा. बटण सोडून कॉइल पुन्हा खाली-वर करा. बहुतेक यंत्रांत कॉइल खाली नेताना आवाज वाढला तर आकडा कमी करायचा, वर उचलताना वाढला तर आकडा वाढवायचा. एकेक अंक बदला, दर वेळी चार-पाच वेळा खाली-वर करून ऐका. दोन्ही दिशांना आवाज सारखाच मंद राहिला की झाले. उंचसखल जमिनीवर मी आकडा किंचित धन बाजूला ठेवतो, म्हणजे कॉइल खाली नेताना अगदी पुसट आवाज येईल इतपत. ऋण बाजूला गेलात तर जमीन शांत वाटते, पण बारीक आणि खोल वस्तू त्या शांततेतच हरवतात.

काही यंत्रे हा आकडा पडद्यावर दाखवतात, आणि तो मातीबद्दल खूप सांगतो. फिशर एफ७५ किंवा टेकनेटिक्स टी२ यांच्या ० ते ९९ च्या मोजपट्टीवर साधारण ४० ते ७५ म्हणजे तांबडी, पिवळी, तपकिरी लोहयुक्त माती, ७५ ते ९५ म्हणजे मॅग्नेटाइट आणि काळी खनिजे, ० ते १० म्हणजे ओले मीठ. मधेच २० वगैरे आकडा आला तर बहुधा खाली लोखंडाचा तुकडा आहे, जागा बदला. दुसऱ्या कंपन्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, म्हणून आपल्या यंत्राचे आकडे एका वहीत शेतानिशी लिहून ठेवा.

जमीन बदलली की बॅलन्स पुन्हा करावा लागतो. खाचरातून बांधावर आलात, मळ्यातून कातळावर चढलात, सावलीतल्या ओल्या मातीतून उन्हातल्या कोरड्या मातीत गेलात, तर पुन्हा. यंत्रात थ्रेशोल्डची सोय असेल तर ती अशी ठेवा की हेडफोनमध्ये अगदी मंद गुणगुण सतत ऐकू यावी. ही गुणगुण अडखळली किंवा फुगली की समजायचे, जमिनीने रंग बदलला. हेडफोनशिवाय हे ऐकूच येत नाही, तेव्हा साधे का होईना, हेडफोन घ्याच.

ट्रॅकिंग, म्हणजे यंत्राने चालता चालता बॅलन्स आपोआप बदलत राहणे, पावलागणिक बदलणाऱ्या जमिनीत सोयीचे आहे. पण एखाद्या पुसट सिग्नलवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवलीत तर ट्रॅकिंग त्या वस्तूलाच जमीन समजून खोडून टाकते. सिग्नल लागला की ट्रॅकिंग बंद करा आणि मग तपासा.

गॅरेट कंपनीच्या एस (ACE) मालिकेतल्या ३०० किंवा ४०० अशा यंत्रांत बॅलन्स कारखान्यातच ठरवलेला असतो, तो बदलता येत नाही. असे यंत्र हाती असेल तर पुढची तीन हत्यारे उरतात: सेन्सिटिव्हिटी, कॉइलचा आकार आणि जमिनीपासूनची उंची. त्यांच्यावरही बरेच काम होते.

सेन्सिटिव्हिटी खाली आणा

हे नवख्यांच्या गळी उतरवणे सगळ्यात कठीण जाते. सेन्सिटिव्हिटी म्हणजे खोली, असा समज पक्का झालेला असतो. सौम्य मातीत तो थोडाफार खरा आहे. तांबड्या मातीत मात्र ती वाढवली की वस्तूच्या सिग्नलबरोबर जमिनीचाही सिग्नल तेवढाच वाढतो, आणि जमीन वस्तूपेक्षा कितीतरी मोठी आहे. मांडवात ताशा वाजत असताना शेजारच्याचे बोलणे ऐकायचे तर कानाला कर्णा लावून भागत नाही, ताशाच थांबवावा लागतो. फार वाढवलीत तर यंत्र ओव्हरलोड होते, म्हणजे सगळे ऐकू येत असल्यासारखे वाटते पण प्रत्यक्षात काहीच वेगळे कळत नाही.

म्हणून बॅलन्स झाल्यावर सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर ठेवा. चाचणीच्या जागेशेजारी, धातू नसलेल्या मातीवर नेहमीच्या वेगाने कॉइल झुलवा आणि एकेक पायरी चढवत जा. खोटे आवाज सुरू झाले की दोन पायऱ्या खाली या. आता पुरलेल्या नाण्यावरून कॉइल न्या. ऐकू येत नसेल तर लगेच वर चढवू नका, आणखी एक पायरी खाली आणून पाहा. कातळाजवळच्या जमिनीत असे केल्यावर अनेकदा नाणे स्पष्ट ऐकू येऊ लागते, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे खोली हा समज तिथेच सुटतो.

सेन्सिटिव्हिटी आणि व्हॉल्यूम एक नव्हेत. व्हॉल्यूम कानाला सोसेल इतका ठेवा, त्याचा जमिनीशी संबंध नाही.

कॉइल आणि फ्रीक्वेन्सी

मोठी कॉइल जास्त माती एकदम पाहते, म्हणून जास्त गोंगाट घेते. खनिजयुक्त जमिनीत पाच-सहा इंचांची छोटी कॉइल अनेकदा अकरा इंचांच्या कॉइलपेक्षा खरी खोली जास्त देते. शोधायला वेळ जास्त लागतो, पण अंगठी नेमकी कोणत्या खाचरात पडली हे माहीत असेल तर वेळेचा प्रश्न नसतो. डीडी प्रकारची कॉइल घ्या. तिची शोधरेषा मधोमध अरुंद पट्टीसारखी असते, त्यामुळे एका वेळी ती कमी माती ऐकते. वर्तुळात वर्तुळ असलेली कॉन्सेंट्रिक कॉइल नेमकी जागा दाखवायला छान, पण जांभ्यात ती लवकर हात टेकते.

फ्रीक्वेन्सी ठरवताना काय हरवले आहे ते आधी विचारा. चांदीची जोडवी, पैंजण, तांब्याचे भांडे हे वीज सहज वाहून नेणारे जाड धातू पाच ते दहा किलोहर्ट्झवर चांगले लागतात. बारीक सोने, म्हणजे नाकातली चमकी, कानातला टॉप, पातळ अंगठी, यांना पंधरा किंवा त्याहून जास्त लागते. माइनलॅब इक्विनॉक्स ८०० सारख्या यंत्रात पाचपासून चाळीसपर्यंतच्या सुट्या फ्रीक्वेन्सी आहेत आणि एकाच वेळी अनेक वापरण्याची सोयही. खनिजयुक्त जमिनीत सुरुवात अनेक-फ्रीक्वेन्सीवर करा, कारण जमिनीचा आणि धातूचा प्रतिसाद फ्रीक्वेन्सीनुसार वेगळा बदलतो आणि यंत्राला त्यावरून निवाडा करता येतो. विजेचा गोंगाट फार असेल तरच सुट्या फ्रीक्वेन्सीवर या.

मंगळसूत्राबद्दल घरच्यांना स्पष्ट सांगावे असे काही आहे. काळे मणी यंत्राला दिसत नाहीत. बारीक कड्यांची साखळी वजनाने भारी असली तरी फार कमी दिसते, कारण प्रवाह प्रत्येक छोट्या कडीतच फिरून थांबतो. यंत्राला लागतात त्या वाट्या. अंगठी मात्र बंद वर्तुळ असल्यामुळे वजनाच्या मानाने चांगली बोलते, आणि तीच तुटून फट पडली की तिचा आवाज एकदम क्षीण होतो. वस्तू तुटून पडली की अखंड पडली, हे विचारल्याशिवाय सेटिंग ठरवू नये.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा

डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको त्या धातूंचा आवाज बंद करणे. सौम्य मातीत ही सोय वरदान आहे. लोहयुक्त मातीत वस्तू जितकी खोल, तितका तिच्या सिग्नलमध्ये मातीचा भाग जास्त, आणि पडद्यावरचा आकडा लोखंडाकडे सरकत जातो. खोल गेलेली सोन्याची अंगठी खिळा म्हणून दाखवली जाऊ शकते. तुम्ही लोखंड पूर्ण बंद केले असेल तर ती अंगठी तुमच्या यंत्राने ऐकलेलीही असते आणि गाळलेलीही.

म्हणून अंगठीसाठी शोध असेल तर ऑल मेटलमध्ये, किंवा लोखंड बंद न करता वेगळ्या खोल आवाजावर ठेवून फिरा. आकडा एकच वेळ आला तर सोडून द्या. दोन्ही दिशांनी, मग काटकोनात फिरवूनही सिग्नल त्याच बिंदूवर येत असेल तर आकडा काहीही असो, खणा. सोन्याची पातळ अंगठी, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी आणि कॅनची खेचकडी यांचे आकडे जवळजवळ येतात, तेव्हा कचरा निघणारच. ज्याला तो खणायचा कंटाळा, त्याने अंगठी शोधायला जाऊ नये.

रिकव्हरी स्पीड किंवा रिअॅक्टिव्हिटीचे बटण असेल तर मध्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वर ठेवून पाहा. यंत्र मातीचा लहान तुकडा ऐकून लगेच पुढे सरकते, त्यामुळे जमिनीची गुरगुर बरीच तुटते.

कॉइल कशी फिरवावी

इथे बटणे काही करत नाहीत, हातच करतो. खनिजयुक्त जमिनीत कॉइलची उंची एक सेंटिमीटरने बदलली तरी जमिनीचा सिग्नल उसळतो. झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलण्याची सवय असेल तर प्रत्येक टोकाला खोटा आवाज येईल. हात आखडता ठेवा, झोका लहान घ्या, कॉइल जमिनीला समांतर राहू द्या. मागच्या झोक्याचा निम्मा भाग पुढच्यात यावा.

गवत कापून घ्या, ढेकळे पसरवा. एवढे करूनही गुरगुर राहिली तर कॉइल दोन-तीन सेंटिमीटर उचलून फिरवा. वरच्या थरातल्या खनिजांचा आवाज झपाट्याने कमी होतो, त्या मानाने खालच्या वस्तूचा कमी होत नाही. सुतळीने मीटर-मीटरच्या पट्ट्या आखून एकदा उभे आणि एकदा आडवे फिरा. सुतळीशिवाय माणूस कुठे फिरला आणि कुठे नाही हे अर्ध्या तासात विसरतो.

फसवे दगड

आजूबाजूच्या मातीपेक्षा ज्याची खनिजे वेगळी, असा दगड धातूसारखा आवाज देतो. तांबड्या मातीतला काळा बेसाल्टचा गोटा, काळ्या मातीतला जांभ्याचा खडा, कौलाचा तुकडा हे नेहमीचे. त्यांचे दोन प्रकार कानाने ओळखता येतात. एक प्रकार हुबेहूब धातूसारखा वाजतो. दुसऱ्याचा आवाज कॉइल दगडावरून पुढे गेल्यावर, काहीसा ताणलेला आणि घसरता येतो, आणि झोक्याची दिशा उलटली की आवाजाची जागाही उलट बाजूला सरकते. धातूचा आवाज दोन्ही दिशांनी एकाच जागी येतो.

शंका असेल तर कॉइल हळूहळू उचला. धातूचा आवाज क्रमाने मावळतो, दगडाचा बहुतेक वेळा पटकन तुटतो. मग पायाने वरची माती दोन बोटे सरकवा. आवाज मातीबरोबर सरकला तर वरचाच खडा आहे. एकाच जातीचे दगड सगळीकडे पडले असतील तर एक दगड चाचणीच्या जागी आणून त्याच्यावर ग्राउंड बॅलन्स थोडा इकडेतिकडे करून पाहा. कधी दोन-तीन अंकांच्या फरकाने तो दगड गप्प होतो आणि पुरलेले नाणे ऐकू येत राहते.

किनारा आणि खारजमीन

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही पुळणींवर इल्मेनाइटची काळी वाळू पट्ट्यापट्ट्यांनी साचते. तिच्यासोबत मॅग्नेटाइट असतो आणि वरून समुद्राचे मीठ. एक-फ्रीक्वेन्सी यंत्राला मीठ खोडायचे तर ग्राउंड बॅलन्स पट्टीच्या खालच्या टोकाला न्यावा लागतो आणि काळी वाळू खोडायची तर वरच्या. दोन्ही एकदम जमत नाही. इथे अनेक-फ्रीक्वेन्सीचे यंत्र आणि त्याचा बीच मोड हाच खरा उपाय. तो नसेल तर भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू आधी पाहा, आणि ओल्या वाळूत पाण्याच्या कडेला समांतर चाला, म्हणजे ओलावा पावलागणिक बदलत नाही. बारीक सोनसाखळीचा सिग्नल आणि ओल्या मिठाचा सिग्नल जवळजवळ सारखे पडतात, त्यामुळे ओल्या पुळणीत साखळी सापडण्याची आशा फार धरू नये. अंगठीची धरावी.

खाडीकाठच्या खारजमिनीतही हेच. भाताच्या गोड पाण्यात मात्र अडचण नाही, फक्त तुमच्या यंत्राची कॉइल पाण्यात चालते की पूर्ण यंत्र, ते पाहून घ्या. पुष्कळ यंत्रांत कॉइल पाण्यात चालते, पण वरची पेटी पावसातही भिजू द्यायची नसते.

व्हीएलएफ हरले तर

काही कातळांवर काहीच चालत नाही. अशा जमिनीसाठी पल्स इंडक्शनची यंत्रे असतात. ती सतत लहर न सोडता जोरदार ठोका देतात, थांबतात, आणि जमिनीचा प्रतिसाद बराचसा विरल्यावर ऐकतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या मुलखात माती आपल्या जांभ्यासारखीच तांबडी आणि लोहयुक्त आहे. अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीने नव्वदच्या दशकात तिथल्यासाठीच अशी यंत्रे पुढे आणली. पण ती महाग असतात आणि लोखंड वेगळे ओळखण्यात फार कच्ची असतात. वहिवाटीच्या शेतात नांगराचे तुकडे, बैलांच्या पत्र्या, गाडीच्या धावेचे खिळे, कुंपणाची तार हे सगळे ती इमानाने दाखवतील. एका अंगठीसाठी असे यंत्र विकत घेऊ नये. हद्दीचा लोखंडी गज शोधायचा असेल तर त्याचा उपयोग चांगला होतो, कारण तिथे लोखंडच हवे असते.

खणताना

पिनपॉइंटच्या बटणाने जागा नक्की करा. डीडी कॉइलने काटकोनात दोनदा फिरवून फुली धरली तरी चालते. खणण्याआधी खालून पंपाची केबल किंवा पाण्याची लाइन जात नाही ना, हे मालकाला विचारा. लांब सरळ रेषेत सिग्नल येत राहिला तर ती केबल किंवा पाइप समजा आणि थांबा.

कुदळीचा घाव सिग्नलच्या मध्यावर घालू नका. वीतभर बाजूला खणून खुरप्याने आत या. माती ताडपत्रीवर काढा. इथे खनिजयुक्त जमिनीची शेवटची खोडी लक्षात ठेवा. खड्डा पडला की त्या जागी खनिज कमी होते, आणि यंत्र खड्ड्याच्या काठावरही आवाज देऊ लागते. त्यामुळे खड्ड्यावरून कॉइल फिरवून वस्तू अजून आत आहे की नाही हे नीट कळत नाही. काढलेली माती बाजूला पातळ पसरवून तिच्यावर फिरवा, आणि खड्ड्यात हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर सेन्सिटिव्हिटी कमी करून घाला. त्याला तांबड्या मातीचा स्पर्श झाला की तोही वाजतो, म्हणून काही यंत्रांत तो मातीला टेकवून पुन्हा चालू करावा लागतो, म्हणजे तेवढी माती तो सोडून देतो.

वस्तू मिळाली तरी खड्ड्यातून आणि पसरलेल्या मातीतून पुन्हा एकदा फिरवा. तुटलेल्या मंगळसूत्राची एक वाटी सापडली की दुसरी बहुधा हातभर अंतरात असते, नांगर फिरला असेल तर नांगरटीच्या दिशेने पुढे. ती मिळाल्यावर मगच खड्डा बुजवा, माती पायाने दाबा आणि बांधावरचा दगड हलवला असेल तर होता तिथे ठेवा.